सुभेदारांचा सहावा टाक

जमिनीवर अजिबात विश्वास नसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. फौजेतली सगळी नोकरी सुरुंग शोधण्यात गेल्यामुळे सुभेदारांचं पाऊल अजूनही आधी चाचपतं आणि मग पडतं. कोरेगावच्या बाजारात भाजीवालीसमोर ओली माती दिसली की ते लांबूनच हात करून वांगी मागतात. आमच्या सांगलीच्या घरी आलेले असताना एकदा बायकोच्या हातून सुई पडली, तर "कुणी हालायचं न्हाई" असा हुकूम सुटला आणि सुई सापडेपर्यंत आम्ही दोघं आपापल्या जागी खांबासारखे उभे. गॅसवर दूध होतं. ते सगळं उतू गेलं, मग सुई सापडली आणि सुभेदार समाधानानं म्हणाले, "बघा मास्तर, जखमी कुणीच न्हाई." पुतण्याच्या लग्नात तर त्यांनी पहाटेच मांडव तपासला आणि जिथं म्हणून संशय आला तिथं काडीला लाल चिंधी बांधून रोवली. खाली गंजके खिळे निघाले हे खरं, पण त्या काड्या उपटेपर्यंत पंगत खोळंबली आणि व्याह्यांनी ते अजून सोडलेलं नाही. मी या माणसापुढं केव्हाच हात टेकलेत.

त्यांना माणसांत ठेवायचं काम माझ्या मेहुणीचं होतं. आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो. सहा वर्षांपूर्वी ती गेली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचा आमच्याकडे चांदीचा टाक करतात, म्हणजे दोन बोटं रुंदीच्या पत्र्यावर उठवलेली बाईची आकृती, आणि ती देवघरात देवांच्या टाकांशेजारी बसवतात. सुभेदारांनी आक्काचा टाक तिच्याच पायांतली जोडवी आटवून करून घेतला. देवांचे पाच, सहावी आक्का. रोज सकाळी तिच्यासमोर उभं राहून ते दिवसाचा कार्यक्रम सांगायचे: आज बँक, मग दळण, मग गुडघ्याचा डॉक्टर. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "न सांगता भायेर पडलेलं तिला कवा चाललंय?"

आणि अशा माणसानं स्वतःच्या हातानं तिला समुद्रात सोडली. देवांचे पाच टाक झिजून गुळगुळीत झाले होते, म्हणून सोनाराकडं नवे करायला टाकले. मापाला म्हणून सहाही नेले होते. सोनारानं नवे पिवळ्या फडक्यात दिले आणि जुने लाल फडक्यात बांधून दिले. त्या लाल फडक्यात आक्काही होती. आता कुणीही शहाणा माणूस गाठ सोडून बघेल. पण आमच्याकडं विसर्जनाला बांधलेला देव पुन्हा सोडत नाहीत, आणि सुभेदार तर हुकमाचे ताबेदार. नदीला वाहतं पाणी नव्हतं, सगळी जलपर्णी. लेक कोकणात दिलेली, म्हणून ते गाठोडं घेऊन थेट तिकडं गेले. घरी येऊन नवे टाक मांडले तेव्हा पाचच भरले. सहाव्या जागेकडं बघत ते दिवस मावळेपर्यंत देवघरात बसून राहिले, असं त्यांच्या सुनेनं आम्हाला फोनवर सांगितलं.

सोनार म्हणाला दुसरा करून देतो. सुभेदार त्याला म्हणाले, "चांदी तुझी. जोडवी कुठनं आणशील?" मग त्यांनी धातू शोधायचं यंत्र मागवलं. गाठोडं कुठं सोडलं ते त्यांना पाऊल न पाऊल पाठ होतं: सुरूच्या बनातल्या कोपऱ्याच्या झाडापासून समुद्राच्या दिशेला दीडशे पावलं. एवढी चोख मोजणी करणाऱ्या माणसाला समुद्र मागंपुढं होतो हेच ठाऊक नव्हतं. माणदेशच्या कडेला वाढलेला गडी, त्याचं पाणी आयुष्यभर विहिरीत एका जागी बसलेलं. टाक सोडले तेव्हा ओहोटी होती, पाणी गुडघ्याएवढं होतं. शोधायला गेले तेव्हा भरती, आणि दीडशेवं पाऊल टाकायचं तर गळ्याएवढ्या पाण्यात. काठावरच्या कोळणीनं ओरडून त्यांना बाहेर काढलं. त्यावर त्यांनी मला फोन करून विचारलं, "मास्तर, ह्यो समुद्र जागा बदलतोय ह्ये तुमी कवा बोलला न्हाई?" जसं काही मीच दडवून ठेवलं होतं.

तेव्हापासून दर अवसेला, ओहोटी लांब जाते म्हणून, सुभेदार एसटीनं कोकणात. खाऱ्या पाण्यात ते यंत्र उगाच ओरडतं, तरी प्रत्येक ओरड्याला वाकायचं, चाळण घालायची, वाळू उपसायची. जे निघेल ते कागदाच्या पुडीत, पुडीवर नंबर, आणि सगळ्या पुड्या माझ्यापुढं. मी तासगावच्या शाळेत इतिहास शिकवला हा माझा गुन्हा. जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या, बाटल्यांची झाकणं, गळ, एक किल्ली, लहान पोराचं एक वाळं. "ह्ये काय आसंल?" प्रत्येकाला हाच प्रश्न. मी चार वर्षं झाकणं ओळखत बसलो. बायकोला म्हटलं, यांना कुणीतरी सांगा आता, वाळू रोज हलते, तो टाक तिथं राहिलाय कशावरून? ती म्हणाली, तुम्हीच सांगा. माझी जीभ उचलेना.

मग गेल्या उन्हाळ्यात एक पुडी आली तिच्यावर नंबर नव्हता. आत टाक होता. चांदी काळी पडलेली, कडा खाल्लेली, पण उभी बाई स्पष्ट दिसत होती, आणि कमरेपाशी एक उंचवटा. "मीठ धरलंय तिथं," सुभेदार म्हणाले. बस्स, तेवढंच. "ह्ये काय आसंल?" हा नेहमीचा प्रश्न आलाच नाही. मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली.

आधी आम्ही आक्काचा टाक करणाऱ्या सोनाराकडं गेलो. त्यानं भिंग लावलं, टाक कमी आणि सुभेदारांचं तोंड जास्त पाहिलं, आणि म्हणाला, "आसंल. आसंल बी." हे उत्तर नव्हतं, ही दया होती, आणि मला तिचा संताप आला. म्हणून मी टाक सांगलीतल्या एका शेठजींकडं नेला. बेदाण्याचे व्यापारी, जैन गृहस्थ, जुन्या नाण्यांचा आणि मूर्तींचा जन्माचा नाद. सुभेदार बाहेर पायरीवरच थांबले. शेठजींनी बराच वेळ तो टाक उजेडात फिरवला आणि मग हळू आवाजात मला म्हणाले, "मास्तर, तुमच्या सोनाराचं काम ठशाचं, साच्यात दाबलेलं आसणार. ह्ये हातानं ठोकलेलंय. शंभर वर्षं तर सहज झाली. आणि ह्ये मीठ न्हाई. बाईच्या कडेवर पोर हाय. बाळंतपणात मायलेकरं संगंच गेली म्हणजे आसा करत्यात." मी टाक खिशात घातला आणि बाहेर आलो. रिक्षात आम्ही उसाच्या भावावर बोललो, आमच्या दोघांच्याही शेतात ऊस नसताना.

घरी आल्यावर त्यांनी टाक माझ्याकडून मागून घेतला आणि माझ्या बायकोच्या हातात ठेवला. "तू भण हायेस तिची. तू सांग." मी तिच्याकडं डोळे वटारून बघत होतो. हो म्हण, हो म्हण, असं मनात घोकत होतो. आक्काच्या कडेवर एक पोर आलं तरी काय बिघडणार होतं? बायकोनं पदरानं टाक पुसला, त्या उंचवट्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "न्हाई दाजी. आक्का न्हाई ही."

सुभेदारांनी मान हलवली. "व्हय," ते म्हणाले. "मला पाण्यातच कळलं हुतं."

"मग आम्हाला एवढं फिरवलंत कशाला?" मी चिडून विचारलं. खरं सांगतो, चिडलो नसतो तर रडलो असतो.

"तुमच्यातलं कुणीतरी व्हय म्हणंल वाटलं."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. अवसेला कोकणात गेले नाहीत, पुढच्याही नाही. सुनेचा फोन यायचा, की नुसते बसून असतात, घरात सुई पडली तरी उठत नाहीत. शेवटी आम्ही दोघं कोरेगावला गेलो. देवघरात सहाव्या जागेवर ती पोर कडेवर घेतलेली बाई बसवलेली. चिंच लावून तिला इतकी लख्ख केली होती की पोराचं डोकंसुद्धा दिसत होतं. मी म्हटलं, सुभेदार, ही कुणाची कोण, तुम्ही हिला घरात कशी घेतली?

"कुणाची तरी हायच की," ते म्हणाले. "आवं मास्तर, माझी बी कुणाला तरी घावंल. त्यानं तिला भायेर ठिवावं का?"

बायको पुढं झाली आणि तिनं त्या बाईला हळदीकुंकू लावलं, पोरालाही लावलं. सुभेदार तिच्यामागं उभे होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "हिला काय आवडत आसंल गं?"

"चा ठेवा दाजी," ती म्हणाली. "चा कुणाला नगं आसतो?"

ते आत गेले आणि चहाची वाटी घेऊन आले. आक्काला साखरेचा आजार होता, त्यामुळे त्या जागेपुढं आजवर बिनसाखरेचाच चहा ठेवला गेला होता. हाही तसाच आणलेला. वाटी ठेवायला ते वाकले, थांबले, मग उठून साखरेचा डबा घेऊन आले. मग त्यांनी वाटीत दोन चमचे साखर घातली आणि सावकाश ढवळत बसले.