भिवराचं वाक्य

पाटसच्या अलीकडं, साखर कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, गेणबाची वस्ती आहे. गेणबाच्या बापापर्यंत हे घर मेंढरांमागं फिरलेलं. पुढं कॅनॉलचं पाणी आलं, गेणबानं मेंढरं विकून ऊस लावला आणि विटांचं घर बांधलं. रुपाली त्याची थोरली मुलगी, त्या घरातून शाळेत गेलेली पहिली.

शाळेत तिला कुणी मारलं-बिरलं नाही. फक्त ती वर्गात शिरली की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच मेंढरासारखं ओरडायचं आणि बाकीचे तोंड दाबून हसायचे. ती खाली मान घालून जागेवर जाऊन बसायची. घरी आईनं, गिताबाईनं, विचारलं तर शाळा बरी चाललीय म्हणायची. आठवीपर्यंत तिचं असंच चाललं.

नववीला मराठीला ललिता मॅडम आल्या. शाळेचा एक नियम होता की नववीच्या मुलांनी एक जुनी, नावाजलेली कादंबरी वाचायचीच. त्यावर परीक्षा असायची, म्हणून सुटका नव्हती. त्या वर्षीची कादंबरी धनगरांवरची होती. लेखक कधीच वारलेले, पण त्यांचं नाव घेताना मॅडम आवाज खाली आणायच्या. मूळ पुस्तक जाड आणि मिळायला अवघड, म्हणून मॅडमनी स्वतः खपून त्याची छोटी प्रत तयार केली होती. टाइप करून, झेरॉक्स काढून, निळ्या पुठ्ठ्यात बांधलेली.

पोरांना ती कादंबरी अजिबात आवडली नाही. एका माळाचं वर्णन दोन पानं चालायचं, भाषा अवघड, आणि घडत तर काहीच नाही अशी त्यांची तक्रार. याचं गाईड का निघत नाही, म्हणून हळहळ. पोरांनी निळ्या पुठ्ठ्यावर क्रिकेटचे स्कोअर लिहिले. रुपालीच्या शेजारी बसणारी राजनंदिनी ही कारखान्याच्या एका संचालकाची नात. ती म्हणाली की लेखकाला वेळच्या वेळी कुणीतरी मुद्द्यावर ये म्हणायला हवं होतं. मग तिनं दुसऱ्या तुकडीतल्या मुलीकडून तयार उत्तरं आणली आणि प्रत दप्तराच्या तळाशी टाकून दिली.

रुपालीनं मात्र ती प्रत उसाच्या बांधावर बसून वाचली. अंधार पडून अक्षरं दिसेनाशी होईपर्यंत वाचली. त्यात भिवरा नावाची धनगराची पोर होती. तिच्या लोकांचा तळ एका गावाच्या शिवारात पडतो. पाटलाच्या घरचा दागिना हरवतो आणि आळ भिवराच्या बापावर येतो. त्याला चावडीवर उभं करतात. तू तर वाट चुकलेल्या मेंढरातला, तुला काय कळणार, असं पाटील म्हणतो. तेव्हा माणसांच्या घोळक्यातून भिवरा पुढं येते आणि म्हणते, “वाट आम्हाला कुणी दिली नाही, पाटील. आमच्या पायानं ती झाली.” मग ती बापाचा हात धरून चावडीच्या पायऱ्या उतरते. मॅडमची प्रत तिथं संपत होती.

ते वाक्य रुपालीच्या अंगात भिनलं. आपल्या माणसांवर कुणी पुस्तक लिहिलं, तेही एवढ्या मोठ्या माणसानं, आणि त्यात आपलीच एक पोर सगळ्या गावाला गप्प करते, हे तिला खरंच वाटेना. मागच्या बाकावरून पुन्हा आवाज आला तेव्हा तिनं पहिल्यांदाच मागं वळून, ओरडणाऱ्याकडं नीट बघितलं. तो आवाज हळूहळू बंदच झाला.

घरी तिनं गेणबाला सगळी प्रत वाचून दाखवली. चावडीचा प्रसंग आला तसा गेणबा तंबाखू मळायचा थांबला. वाचून झाल्यावर त्यानं ती निळी प्रत हातात घेऊन उलटसुलट बघितली. मग म्हणाला, “लिवणाऱ्यानं आपली कदर केली म्हणायची.” त्यानंतर सोयऱ्याधायऱ्यांत कुठंही बसला की तो भिवराची गोष्ट सांगायचा. जणू ती त्यांच्याच भावकीतली.

मॅडमनी रुपालीला वक्तृत्व स्पर्धेला उभं केलं. शिरूरला शाळाशाळांमधली स्पर्धा होती. एस.टी.त मॅडम तिच्या शेजारी बसल्या, तिचं भाषण पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं, आणि शेवटाला भिवराचं वाक्य सावकाश म्हणायला सांगितलं. रुपालीनं ते तसंच म्हटलं. सभागृहातले लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. ढाल घेऊन परत येताना ती मॅडमना म्हणाली की मी मराठीच शिकणार आणि शिकवणार. मॅडम खिडकीबाहेर बघत नुसत्या हसल्या.

दौंडच्या कॉलेजात ती मराठी घेऊन बी.ए.ला गेली. दुसऱ्या वर्षाला तीच कादंबरी अभ्यासाला होती, या वेळी संपूर्ण. वर्ग इथंही कुरकुरला. सरांनी विचारलं की ही कुणी आधी वाचलीय का, आणि एकट्या रुपालीचा हात वर झाला. सरांनी तिला बोलायला उभं केलं. ती छान बोलली. चावडीवरच्या प्रसंगाशी आली, भिवराचं वाक्य सावकाश म्हटलं आणि थांबली.

सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी पुस्तक चाळलं, पुन्हा चाळलं. मग अगदी सरळपणे विचारलं, “हे वाक्य कुठल्या पानावर आहे? मी ही कादंबरी वर्षानुवर्षं शिकवतोय, मला आठवत नाही.”

रुपाली पुढं गेली आणि पुस्तकात शोधू लागली. चावडी सापडली, पाटील सापडला. वाक्य सापडेना. मागं कुजबुज सुरू झाली, मग कुणीतरी हसलं. सर म्हणाले की बाई, लेखकाच्या तोंडी आपलं घालू नये. आता वर्ग मोकळेपणानं हसला. राजनंदिनी त्याच वर्गात होती. बाहेर आल्यावर तिनं रुपालीच्या खांद्यावर हात टाकला आणि एवढं मनाला लावून घेऊ नको म्हणाली. आपण तर तेव्हाही ते वाचलं नव्हतं, हेही हसून सांगितलं. तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. तरी त्या वेळी रुपालीला तिचा हेवा वाटला. जिनं वाचलंच नव्हतं तिचं काही गेलं नव्हतं.

लायब्ररीतून पुस्तक घेऊन ती दौंड स्टेशनच्या बाकावर बसली. पाटसला थांबणारी गाडी आली आणि निघूनही गेली, तिनं मान वर केली नाही. मूळ कादंबरीत चावडीवर भिवरा बोलतच नाही. तिचा बाप पागोटं पाटलाच्या पायावर ठेवतो आणि म्हणतो, आम्ही मेंढरामागची माणसं, आम्हाला मेंढराएवढीच अक्कल. पाटलाला दया येते. तो भिवराला वाड्यावर कामाला ठेवून घेतो, तळ पुढं निघून जातो, आणि वाड्यातलं दोन वेळचं जेवण मिळाल्यानं भिवरा सुखी होते. मुक्या जनावरांत राहून ही भली माणसंही मुकी झाली होती, असं लेखक शेवटी स्वतःच म्हणतो. त्यात राग नव्हता, कुचेष्टाही नव्हती. माया होती, आणि तीच रुपालीला सोसवेना. शाळेतली पोरं तिला बघून मेंढरासारखी ओरडायची. या मोठ्या माणसानंही वेगळं काय केलं होतं?

दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या घरी गेली. मॅडम गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या. रुपालीला बघून त्यांना आनंद झाला, त्यांनी बसायला सांगितलं. ती बसली नाही.

“मॅडम, भिवराचं ते वाक्य कुणाचं?”

मॅडमनी हातातली कुरडई कापडावर ठेवली. उगाच आठवल्यासारखं केलं नाही की आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाल्या, “माझं.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. आधीच्या गावात त्यांनी ही कादंबरी पुरी शिकवली होती. शेवटची पानं वाचल्यावर धनगराचा एक मुलगा शाळेत यायचाच बंद झाला. इथं आल्यावर त्यांनी खाली मान घालून वर्गात येणारी रुपाली बघितली. कादंबरी बदलणं त्यांच्या हातात नव्हतं, म्हणून शेवट बदलला. दहावीला खरं सांगायचं त्यांच्या मनात होतं. पण मधेच शिरूरची ढाल आली आणि मग तोंड उघडेना. माफी मात्र त्यांनी मागितली नाही.

“तुमचं म्हणून सांगितलं असतं, तरी मी ते पाठ केलं असतं,” रुपाली म्हणाली.

“माझं म्हणून कुणी ऐकलं असतं, रुपाली? एवढ्या मोठ्या लेखकाचं होतं म्हणून सभागृह उठून उभं राहिलं.”

“मला वाटत होतं, ते माझ्यासाठी उभं राहिलं.”

रुपाली जिना उतरून निघून गेली. मॅडमनी पुढं दोन-तीनदा फोन केला, तिनं उचलला नाही.

यात आणखी एक गोष्ट झाली. गेणबाला कळलं होतं की कॉलेजात पोरीला तीच गोष्ट आहे, या वेळी जाड पुस्तकातली. संध्याकाळी हातपाय धुऊन तो ओट्यावर येऊन बसला.

“मोठ्या पुस्तकात म्होरं काय झालं ते वाच की,” तो म्हणाला. “भिवरा कुठं गेली?”

रुपालीच्या हातात पुस्तक होतं. बापाचं तोंड बघून तिला ते उघडवेना.

“तेच हाय, आप्पा,” ती म्हणाली. “म्होरं काय न्हाई. निसती वर्णनं वाढवल्यात.”

गेणबानं समाधानानं मान हलवली. मॅडमनी तिच्याशी जे केलं, तेच ती आता आपल्या बापाशी करत होती, हे तिला ओट्यावरून उठायच्या आत कळलं. पण त्यानं मॅडमवरचा राग कमी झाला नाही. उलट तिला जास्तच चीड आली. आता या खोट्यात ती स्वतःही अडकली होती.

शिक्षण तिनं सोडलं नाही. बी.एड. झालं, लग्न झालं, आणि तळेगाव ढमढेऱ्याच्या एका शाळेत ती मराठी शिकवू लागली. तिथंही मुलांना जुनी पुस्तकं सक्तीनं वाचावी लागतात. रुपाली एक ओळही गाळत नाही. पुस्तकात जे आहे ते आहे तसं वाचून घेते, आणि पहिल्याच दिवशी सांगते की आवडलं नाही तर आवडलं नाही म्हणून लिहा. मुलं लिहितात. कंटाळा आला असं लिहितात, लेखक आपल्याला कमी समजतो असंही लिहितात, आणि ती त्यांचे मार्क कापत नाही. मुलं तिला चांगल्या बाई म्हणतात. पण एवढ्या वर्षांत तिच्या वर्गातलं एकही मूल पुस्तक घेऊन अंधार पडेपर्यंत कुठल्या बांधावर बसल्याचं तिच्या कानावर आलेलं नाही.

गेल्या वर्षी पाटसला एका लग्नात ललिता मॅडम तिच्यासमोर आल्या. रिटायर झालेल्या, केस पांढरे, हातात काठी. मंडपात गर्दी होती, टाळता आलं नाही. रुपाली वाकून पाया पडली, तेवढं तिच्याकडून आपोआप झालं. मॅडमनी तिची चौकशी केली. आप्पांचं विचारलं. मग जरा थांबून विचारलं, “तुझी मुलं वाचतात का गं?”

“न्हाई,” रुपाली म्हणाली. इतक्या वर्षांनी मॅडमसमोर तिची घरची बोली तोंडात आली होती. “पण त्यांना कुणी फसवत न्हाई.”

मॅडमनी मान डोलावली. पंगतीला बोलावणं आलं, तशा त्या काठी टेकत एका ओळखीच्या बाईसोबत पुढं गेल्या. रुपालीनं त्यांच्या शेजारची जागा मोकळी बघितली आणि ती लांबच्या पंगतीत जाऊन बसली. वाढप्यानं तिच्या पानात भात वाढला, वर आमटी ओतली. तिनं जेवायला सुरुवात केली.