सरिताताईचं चालणं

आमच्या क्वार्टर्सच्या मागच्या चाळीत असं बोललं जातं, की कारभारीच्या सरितेला इटलीचा एक गोरा लग्न करून नेणार होता आणि पायात खोट निघाली म्हणून तो पळाला. नळावर ही गोष्ट रोज थोडी वाढते. बायडाबाई ती भरलेला हंडा कमरेवर घेऊनच सांगतात. सांगून होईपर्यंत हंडा खाली ठेवत नाहीत. "पासपोर्ट आला होता हो! शालू घेतलेला! आणि त्याने पाय बघितला आणि म्हणाला, नो." हे 'नो' म्हणताना बायडाबाई डोळे मिटतात. मी त्यांची नक्कल करते तेव्हा हंडा म्हणून उशी घेते.

यातला पासपोर्ट तेवढा खरा आहे. शालू नव्हता. लग्नाचा तर काही संबंधच नव्हता. कार्लोला बायको आहे, दोन मुली आहेत, त्यांचा फोटो त्याने चाळीत प्रत्येकाला दोनदा दाखवला होता. तो सरिताताईला नेणार होता ते बास्केटबॉल खेळायला. त्याच्या गावात बायकांचा एक क्लब आहे, तो तिकडच्या लीगमध्ये खेळतो, आणि खेळायचा पगार देतो. ते का जमलं नाही हे मला बायडाबाईंपेक्षा जास्त माहीत आहे, कारण न जमण्यात माझा हात आहे.

सरिताताई पाच फूट अकरा इंच. तिचे वडील कारभारीकाका पारोळ्याकडचे, मसाटला धाग्याच्या कारखान्यात ऑपरेटर. कृत्रिम धाग्याला पीळ देऊन फुगवायचा, की तो रबरासारखा ताणतो, असं तिथलं काम. आई सरुमावशी. ताई आमच्याच शाळेत शिकली. माझे बाबा तिथे भूगोल शिकवतात, रत्नागिरीहून बदली होऊन आले ते सिल्वासातच राहिले. शाळेच्या मैदानावर सिमेंटचं कोर्ट आहे, एका बाजूच्या बास्केटला जाळी आहे, दुसऱ्या बाजूला नुसती रिंग. बारावी झाल्यावरही ताई रोज संध्याकाळी तिथे यायची. दादरा नगर हवेलीच्या संघाची ती कॅप्टन होती.

ब्याण्णवच्या नोव्हेंबरात कारखान्यात नवं मशीन आलं आणि ते बसवायला कार्लो आला. दोन महिने राहिला. संध्याकाळी त्याला करमायचं नाही म्हणून तो आमच्या कोर्टवर येऊ लागला. पहिल्याच दिवशी ताईने त्याला फ्री थ्रोमध्ये हरवलं. दुसऱ्या दिवशी तो शपथ घेतल्यासारखा बूट बदलून आला आणि परत हरला. त्याचं इंग्रजी आमच्याहून वाईट. प्रत्येक शब्दाच्या शेवटी त्याला एक 'अ' लागायचा. "गुड-अ! सा-री-ता, व्हेरी गुड-अ!" आठ दिवसांत सगळी चाळ 'चहा-अ' आणि 'पाणी-अ' म्हणायला लागली. सुरुवात मी केली होती.

जाताना तो बाबांना बसवून सांगून गेला. पुढच्या नोव्हेंबरात दुसरं मशीन येतंय, तेव्हा मी व्हिडिओ कॅमेरा आणेन, हिची टेप काढेन, क्लबला दाखवेन. पसंत पडली तर तिकीट, राहायला खोली, सहा महिने आजमावून बघतील, मग पगार. एक अट, एकवीस पूर्ण व्हायच्या आत यायला हवं. ताईला एकविसावं संपणार होतं चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये. म्हणजे एकच संधी होती. बाबांनी तिला पासपोर्टचा फॉर्म भरून दिला.

फेब्रुवारीत वलसाडला मॅच होती. रिबाउंड, म्हणजे फळीवरून उसळलेला चेंडू, घ्यायला ताई वर गेली, खाली येताना डावा पाय दुसऱ्या मुलीच्या बुटावर पडला आणि गुडघा आत वळला. मी बाकावर होते. फांदी मोडल्यासारखा आवाज येतो असं लोक म्हणतात. आवाज वगैरे काही आला नाही. ती खाली बसली आणि गुडघ्याकडे बघत राहिली, कोणाचं तरी सामान आपल्याकडे राहिलं असावं तशी.

कारभारीकाकांनी मग जे केलं ते कारखान्यातला माणूसच करेल. मशीनवरून निघालेला खराब धागा, त्याला ते 'वेस्ट' म्हणतात, चाळीत सगळ्या कामाला येतो. खाटा विणतात, दोरी वळतात, बाळाचा झोका बांधतात. काकांनी त्या ताणणाऱ्या धाग्याचा चार बोटं रुंद पट्टा विणला आणि मांडीच्या मध्यापासून पोटरीपर्यंत असा आवळून बांधला, की बघायला माणसं आली. "चाळीस दिन हालवू नको," काका म्हणाले. "मशीनचा रोलर बी नवा बसवला ना, तं लगेच चालू नाही करत आपण." बांधणी एवढी सुंदर होती की डॉक्टरकडे जावं असं कोणाला वाटलंच नाही.

चाळीस दिवसांनी पट्टा सोडला. मांडी मनगटाएवढी झाली होती, असं बायडाबाई सांगतात. एवढी नाही, पण उजवीच्या अर्धी होती. तेव्हा कुठे वापीच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर फळ्यावर लिहिल्यासारखं तोडून तोडून बोलायचे. "आतला लिगामेंट तुटलाय. बांधून वर स्नायूही सुकवलात. ऑपरेशन मुंबईला. नंतर एक वर्ष." काकांनी विचारलं, मग खेळेल का, पगारी? "दहातल्या दोघी खेळतात." आणि ऑपरेशन नाही केलं तर? "घरकामाला हरकत नाही."

त्या रात्री चाळीत सगळ्यांनी आपापला अंदाज दिला. मी तो नंतर महिनाभर सगळ्यांच्या आवाजात करून दाखवला. कारखान्यातले पॅकिंगचे सुपरवायझर सुधाकरभाई, हनुवटी वर करून: "जो बेन, चान्स फिफ्टी-फिफ्टी. टेन्शन नहीं लेने का." बाबा, चष्मा पुसत: "शक्यता अगदीच नाकारता येणार नाही." सरुमावशी, पदर दातात धरून, अहिराणीत: "मनी पोर चालस ना? चालस तं पळस बी."

ताईने अंदाज दिला नाही. ती हिशेब करत होती. ऑपरेशन केलं तर नोव्हेंबरात डॉक्टरांचं वर्ष संपलेलं नसणार आणि मार्चमध्ये वय संपणार. नाही केलं तर नोव्हेंबरात ती निदान कोर्टवर उभी असणार.

"नाही करायचं," ती म्हणाली. भाजीला कांदा घालायचा नाही, तसं.

पावसाळाभर ती गुडघ्याला वाळूची पिशवी बांधून पाय उचलायची. मांडी थोडी भरली. सप्टेंबरात ती कोर्टवर आली. नेम तसाच होता, उभ्या उभ्या वीसपैकी सतरा. पण चालताना डावा पाय टेकला की तो लगेच उचलायची, गरम फरशीवर पडल्यासारखा. तिला वाटायचं कळत नाही. मला पहिल्या दिवशी कळलं, कारण नकलेसाठी मी माणसं चालीवरूनच उचलते. तिचं लंगडणं मी लोकांपुढे कधी केलं नाही. घरात आरशासमोर एकदा केलं, आईने लाटणं दाखवलं.

मग एक दिवस ताई मला म्हणाली, "केतकी, तू माझी जुनी चाल करायचीस ना? गॅदरिंगला केली होतीस."

"हो."

"करून दाखव."

मी केली. टाच आधी, लांब टांग, डावा खांदा पुढे, आणि उजवा हात मांडीवर थपथप, चेंडू नसला तरी टप्पा चालूच. गॅदरिंगला यावर अख्खा हॉल हसून पडला होता. ताई हसली नाही. "परत," म्हणाली. मग माझ्या मागे मागे चालायला लागली.

दीड महिना आम्ही रोज सकाळी शाळा भरायच्या आधी हे केलं. मी पुढे सरिताताई होऊन, ती मागे सरिताताई होऊन. "खांदा, ताई, खांदा!" मी ओरडायची. "हात कुठे गेला?" तिला घाम यायचा, ओठ पांढरे पडायचे, पण चाल येत गेली. मला इतका आनंद झाला होता, की दुखतंय का हे मी एकदाही विचारलं नाही. ऑक्टोबर संपता संपता ती कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी चालली, की वॉचमन चिंधा स्टुलावरून उठून म्हणाला, "आवं, ही तं पहिलेसारखी झाली!"

कार्लो यायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही कोर्टच्या कठड्यावर बसलो होतो.

"त्याला कळणार," ताई म्हणाली.

"काही कळत नाही. चिंधाकाकांना कळलं नाही."

"चिंधाकाकांना मॅच म्हणजे क्रिकेटची वाटते."

"पैज लाव. त्याला कळणार नाही. टेप जाणार, तू जाणार."

"कळणार." ताईने हात पुढे केला. "हरलीस तर मी सांगेन ते करायचं."

"आणि तू हरलीस तर?"

"तर मी इथे असेन का?" ती म्हणाली. मी तिच्या हातावर टाळी दिली.

कार्लो आला. कॅमेरा खांद्यावर घ्यायचा होता, सुटकेसएवढा. कारभारीकाका फर्स्ट शिफ्ट सोडून आले होते, सरुमावशी कठड्याबाहेर उभी होती. बाबा दुभाष्या म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून. ताईने ट्रॅक पँट घातली होती, उन्हातही.

आधी नुसतं चालायचं, मग चेंडू घेऊन, मग नेम. ती चालली. माझ्या अंगावर काटा आला, इतकी ती बरोबर चालली. टाच, टांग, खांदा, थपथप. फ्री थ्रोला वीसपैकी अठरा गेले. काका प्रत्येक बास्केटला एक बोट दुमडत होते. कार्लो डोळा कॅमेऱ्याला लावून "गुड-अ, गुड-अ" करत होता. मग तो म्हणाला, परत चाल. ती परत चालली. मग त्याने कॅमेरा खाली घेतला.

तो बाबांना काहीतरी म्हणाला. बाबांनी ते दोनदा विचारून घेतलं, आणि मग शाळेत निकाल वाचतात त्या आवाजात सांगितलं.

"तो म्हणतो, गेल्या वर्षी मी हिला दोन महिने पाहिलं. तेव्हा ही अशी चालायची, पण एवढी नाही. हात एवढा आपटायची नाही. आता ही सरितासारखी चालतेय. कुणीतरी सरिताचा खेळ करून दाखवावा तशी."

मला लगेच कळलं. नकलेत मीठ जास्त घालावं लागतं. लोक खांद्याला हसले की पुढच्या वेळी खांदा इंचभर पुढे जातो, हाताला हसले की हात जोरात पडतो. वर्षभरात मी ताईला किती वाढवलं होतं ते मलाच आठवत नव्हतं. आणि तिने माझ्याकडून तीच वाढवलेली चाल शिकून घेतली.

कार्लोने चेंडू उचलला आणि फळीच्या डाव्या बाजूला उंच मारला. रिबाउंड घे, अशी खूण केली. चेंडू फळीवर आपटला, खाली आला, टप्पे खात कठड्यापर्यंत गेला. ताई जागची हलली नाही. तिने वाकून डाव्या पायाची पँट गुडघ्याच्या वर सरकवली आणि दाखवलं.

कार्लो तिथेच खाली बसला, गुडघा दोन्ही हातांनी धरून इकडेतिकडे हलवून बघितला. त्याला त्यातलं बरंच कळत असावं. मग तो हळू बोलला आणि बाबांनी हळू सांगितलं. ही टेप मी नेणार नाही. तिथे पहिल्या दिवशी त्यांचा डॉक्टर बघेल आणि हिला एकटीला परत यावं लागेल. ऑपरेशन करा. वयाबद्दल मी क्लबला विचारतो, पण वचन देत नाही. दर वर्षी नव्या मुली येतात.

"किती चान्स?" कारभारीकाकांनी स्वतः इंग्रजीत विचारलं. बोटं अजून दुमडलेलीच होती.

कार्लोने डोकं हलवलं. आकडा सांगितला नाही.

"थँक यू," ताई म्हणाली. चेंडू आणायला गेली. जाताना लंगडली, लपवलं नाही. सरुमावशीने पँटची दुमड खाली केली आणि म्हणाली, "चाल, जेवी ले."

क्लबने वयाची सूट दिली नाही, असं जानेवारीत पत्र आलं. ऑपरेशन अजून व्हायचंय, आता त्याची कोणाला घाई नाही. ताई सायली गावातल्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. धाग्याचे कोन, म्हणजे मोठी रिळं, खोक्यात भरायची. बसून काम आहे. सगळे म्हणतात चांगलं झालं. विचारलं तर तीही म्हणते, चांगलं आहे. बरं वाटतं का, वाईट वाटतं का, असं विचारलं की म्हणते, "काही नाही वाटत गं. खरंच."

पैजेचं मी काढलं नाही. वाटलं, विसरली असेल. पत्र आल्यावर महिनाभराने ती कोर्टवर आली, चेंडू न घेता. सेकंड शिफ्ट होती, हातात डबा होता.

"तू हरलीस," ती म्हणाली.

"हो. सांग, काय करू?"

"मी आत्ता चालते ते कर."

"ताई, नको."

"पैज आहे. आणि मीठ घालू नकोस."

मी जाळीच्या बास्केटपासून निघाले. डावा टेकला, उचलला, उजव्यावर भार. माझं मन हजार वेळा म्हणत होतं खांदा टाक, हात टाक, काहीतरी टाक. काही टाकलं नाही. रिंगपर्यंत गेले आणि वळले.

ताई कठड्यावर बसून नीट बघत होती, दुसऱ्याचा खेळ बघतात तशी.

"डावा जरा उशिरा उचल," ती म्हणाली. "मी एवढी घाई करत नाही आता."

मी परत पहिल्यापासून चालले. उशिरा उचलला.

"हं," ती म्हणाली. "अशी." आणि डबा उचलून बस पकडायला गेली.