टाचणीखालचा पाऊस

वाचनालयात पुस्तकं तेवढीच राहतात, किस्से मात्र दरवर्षी वाढतात. त्यांना ना नंबर लागतो, ना वाळवी. आमच्या अहमदपूरच्या वाचनालयातले बरेचसे आमच्याच फजितीचे आहेत, म्हणून सांगताना अजून कान तापतात.

*

आमचे ग्रंथपाल विश्वनाथअप्पा, मी त्यांच्या हाताखाली. माणूस पायरी चढताना बघितला की त्याला कोणतं पुस्तक आवडेल ते आपल्याला कळतं, असा त्यांचा दावा. एकदा एका मिशीवाल्या, दणकट गृहस्थाला त्यांनी न विचारताच कुस्तीवरचं पुस्तक काढून दिलं. तो विजेचं मीटर बघायला आला होता! पण पुस्तक घेऊन गेला आणि पुढं मेंबरही झाला. त्यामुळे अप्पांना आवरणं अवघड होतं.

*

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमारास पावसानं पाठ फिरवली. टँकर आला की गाव घागरी घेऊन धावायचं. अशात मी एका मास्तरांना महापुराची कादंबरी दिली. दुसऱ्या दिवशी ती टेबलावर ठेवत ते शांतपणे म्हणाले, "थट्टा करायलात का आमची?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अप्पांनी त्याच दिवशी पाऊस, पूर, भरलेल्या विहिरी असलेली सगळी पुस्तकं एका कपाटात घातली आणि कुलूप लावलं.

*

मग लातूरहून साहेब इन्स्पेक्शनला आले. कपाटाला कुलूप का, असं त्यांनी विचारलं. अप्पांनी खरं कारण सांगितलं. साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि द्यायला आमच्या माठात पाणी नव्हतं. आम्ही दोघं फरशीकडे बघत उभे. कुलूप मात्र काढावं लागलं.

*

पण अप्पा हरणारे नव्हते. संध्याकाळी बसून आम्ही पावसाची तेवढी पानं टाचणीनं बंद करायला लागलो. वाचणाऱ्याच्या जिवाला त्रास नको, एवढाच हेतू. पाककृतींच्या पुस्तकातली भजीसुद्धा सुटली नाहीत, कारण वर 'पावसाळी संध्याकाळसाठी' असं छापलं होतं.

*

शमीमभाभी बाजारात बांगड्या विकायच्या. गावची विहीर आटली म्हणून सासूला त्यांनी इकडे आणलं होतं. म्हातारीचं मन काही लागेना. जेवण सुटलं, झोप उडाली. तिला वाचून दाखवायला काहीतरी द्या, असं भाभी अजिजीनं म्हणाल्या.

अप्पांनी विनोदी कथा दिल्या. अवलियांच्या गोष्टी दिल्या. वाळवंटातल्या प्रवासाचंही एक पुस्तक दिलं! दर वेळी पुस्तक परत यायचं आणि म्हातारी तशीच. अप्पांचा चेहरा उतरत चालला. शेवटी त्यांनी खेड्यातली एक कादंबरी दिली, अर्थात टाचण्या लावून.

आठवड्यानं भाभी हसतच आल्या. सासू दोन घास खायला लागली होती, रात्री डोळाही लागत होता. अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, की बघ, माझी नजर!

तेवढ्यात भाभींनी पदराची गाठ सोडून टाचण्या टेबलावर ठेवल्या.

"अप्पा, दुसऱ्या पुस्तकाला बी अशाच लावून द्या. तिला निस्तं पावसाचंच ऐकायचं असतंय, आन् मला शोधत बसावं लागत न्हाई. लई सोय केलीत."

शरमेनं माझी मान वर होईना. अप्पांनी टाचण्यांची डबी पुढं ओढली.