चादरीतला पॉडकास्ट

मे महिन्याच्या भर दुपारी मी जाड सोलापुरी चादर डोक्यावरून घेऊन बसले होते आणि मला ताप नव्हता.

मी सोलापुरात बी.एड. करते. आमच्या मॅडमनी शिक्षकांचा एक ऑनलाइन गट चालवलाय. जिल्हाभरातले शिक्षक त्यात आपापले पॉडकास्ट टाकतात, एकमेकांचे ऐकतात, सुधारणा सुचवतात. विद्यार्थ्यांमधून मॅडमनी मला एकटीला संधी दिली. विषय होता ‘मुलांना बोलतं कसं करावं’. शिक्षकांना आवडलं तर मला गटात घेणार होते. (मी हजेरीसुद्धा दबक्या आवाजात देते. मॅडमनी मला का निवडलं, देव जाणे.)

सुट्टीला मोडनिंबला घरी आले होते. हायवेवरचे ट्रक ऐकू येऊ नयेत म्हणून ही चादर. आत मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून मी सुरुवात केली, “तास सुरू करताना प्रेमानं म्हणावं, माझ्या लाडक्या मुलांनो...”

बाहेर आईनं शेजारच्या काकूंना हाक मारली. “काकू, हितं या की. पोरगी चादरीत एकटीच बोलतीया.”

“काय म्हणतीया?”

“मुलांनो म्हणतीया.”

“कुणाची मुलं?” काकूंचा आवाज एकदम खाली आला. (त्या माझ्यासाठी स्थळ बघत होत्या.)

“आई, गप की,” मी आतूनच म्हणाले आणि पुढे बोलू लागले, “मूल बोलत असताना त्याला मध्येच थांबवू नये...”

“ताप हाय का तुला, तेवढं सांग.”

“गप म्हणलं ना!”

तेवढ्यात माझे वडील, आबा, आले. “काय झालंय?”

“काय इचारू नका. बोलू देत न्हाय ती.”

“मुलाचा प्रश्न कितीही साधा असो, त्याला उत्तर द्यावं...”

“जेवली का गं?” आबांनी विचारलं.

मी चादरीतून डोकं बाहेर काढलं. “आता कुणी एक शब्द बोलायचा न्हाय.” तिघं भिंतीला पाठ लावून बसले. काकूंनी तर तोंडावर बोट ठेवलं. मी परत आत शिरून उरलेलं संपवलं.

स्वतःचा आवाज ऐकायची मला लाज वाटते. चादरीवर भरवसा ठेवून न ऐकताच एपिसोड पाठवला.

संध्याकाळी बार्शीच्या एका सरांनी लिहिलं, ‘आबांना उत्तर मिळालं का?’ पाठोपाठ मॅडमचा फोन.

“एपिसोड सगळ्यांना आवडलाय. तुला गटात घेतलंय.”

“खरंच, मॅडम?”

“हो. फक्त एपिसोडचं नाव बदललंय. ‘या बाईंच्या चुका शोधा’. पुढच्या वर्षी वर्गातही ऐकवणार आहे.”

आमच्या घरातून कॉलेजात पोचलेली मी पहिली. अभ्यासक्रमात पोचलेली मात्र अख्ख्या मोडनिंबातून मीच पहिली असेन.