काळमेघांची बिनअपघाती पाटी

रामदासभाऊ काळमेघांच्या घरात शिडीवर चढायचं तर आधी चिठ्ठी लागायची. नाव, काम, किती वाजता चढणार, किती वाजता उतरणार आणि खाली शिडी कोण धरणार, असे पाच रकाने. त्याखाली भाऊंची सही. ही चिठ्ठी फ्रिजवर डकवली की मगच पहिल्या पायरीवर पाय. त्यांची बायको कौशल्या एकदा म्हणाली, "अवो, लग्नाच्या टायमाले एवढे कागद नव्हते लागले."

"लागले असते तं बरं झालं असतं," भाऊ बोलून गेले, आणि पुढचे दोन दिवस त्यांच्या ताटात करपलेल्या बाजूची पोळी येत राहिली.

भाऊ मूळचे दर्यापूरकडचे. पंचवीस वर्षांचे असताना पुण्याला आले आणि भोसरीच्या एका तारेच्या कारखान्यात लागले. हेल्परचे ऑपरेटर झाले, ऑपरेटरचे सेफ्टी सुपरवायझर. फाटकाजवळ एक हिरवी पाटी होती, 'कारखाना : आज बिनअपघाती दिवस क्रमांक' असं लिहिलेली, आणि पुढे खडूने आकडा. हा आकडा रोज सकाळी बदलायचं काम भाऊंचं. त्यांनी तो बाराशे चारपर्यंत नेला. मग बाहेरच्या देशातली तार इथल्या तारेपेक्षा स्वस्त पडायला लागली, कारखान्याने व्हीआरएसचे फॉर्म वाटले, आणि भाऊ एका टेम्पोत एक कपाट, दोन खुर्च्या, काही पिवळी हेल्मेटं आणि ती हिरवी पाटी घालून घरी आले. पाटी कुणालाच नको होती. भंगारवाल्यानेसुद्धा हात लावला नव्हता.

त्यानंतरचे सहा महिने कौशल्याबाई आठवायला नको म्हणतात. माणूस सकाळी सहाला अंघोळ करून, बूट घालून पलंगावर बसायचा. मग वारज्यातला नवा फ्लॅट मिळाला, तिसऱ्या मजल्यावरचा. तिथे भाऊंनी पाटी दाराशेजारी लावली, 'कारखाना' खोडून 'घर' केलं, पुढे लिहिलं एक. दुसऱ्या दिवशी दोन. आणि माणूस पुन्हा माणसात आला. गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद, इस्त्रीची पिन काढलेली, बाथरूमबाहेर पायपुसणं. मुलगी पायल हिंजवडीला आयटीत लागली तेव्हा भाऊ तिच्या कंपनीच्या गाडीच्या ड्रायव्हरला पट्टा लावायला शिकवून आले.

दोन हजार दोन सालच्या दिवाळीआधी भाऊंनी हिशेब मांडला. हजारावा दिवस बरोबर लक्ष्मीपूजनाला येत होता. त्यांनी तो दोनदा मोजला, तिसऱ्यांदा पायलला कॉम्प्युटरवर मोजायला लावला, आणि नंतर अख्ख्या जिन्याला सांगितला. समोरचे आगाशे कोथरूडच्या शाळेतून निवृत्त झालेले, भूगोलाचे. ते म्हणाले, "हजार दिवस काहीच घडलं नाही, याचा सत्कार करायचा म्हणता? करू की. आमच्या घरी तीस वर्षं काही घडलेलं नाही."

अडचण अशी, की घराला रंग त्याच दिवाळीत द्यायचा होता.

रंगाऱ्याला भाऊंनी नकार दिला. परका माणूस, त्याची सवय कशी कोण जाणे. घरच्या घरी द्यायचं ठरलं. मग नियमांची यादी आली. दारं-खिडक्यांना ऑइल पेंट चालू असताना सगळ्या खिडक्या उघड्या. घरात शेगडी पेटणार नाही, उदबत्तीसुद्धा नाही. तारपिनाने भिजलेल्या चिंध्या कोपऱ्यात बोळा करून टाकायच्या नाहीत, पाण्याच्या बादलीत. घासताना नाकाला रुमाल. आणि स्टुलावर स्टूल, खुर्चीवर पाट, असला सर्कशीतला प्रकार केला तर घराबाहेर. आठवडाभर तिघं डोक्याला कारखान्याची पिवळी हेल्मेटं घालून रंग देत होती. आगाशे दारातून डोकावले. "काळमेघ, रंग देताय की बॉम्ब निकामी करताय?"

नऊशे शहाण्णवाव्या दिवशी भाऊ पॉलिश पेपर आणायला खाली गेले. कौशल्याबाईंना दिसलं, की बेडरूमच्या दारावर वरच्या अंगाला हातभर पट्टा कोरा राहिलाय. शिडी होती. पण चिठ्ठी नव्हती, आणि शिडी धरणारी पायल रात्रपाळी करून झोपलेली. शिडीवर बिनचिठ्ठी चढणं बाईंच्या जिवावर आलं. नियम म्हणजे नियम. म्हणून त्यांनी दिवाणावर स्टूल ठेवलं आणि त्यावर चढल्या.

बाई पडल्या त्या गादीवर. पण चार लिटरचा मोरपंखी डबा पडला तो उजव्या पायाच्या अंगठ्यावर.

पायल धावत आली. "आई! डॉक्टरकडे चल, आत्ताच्या आत्ता!"

"हळू बोल वं पोट्टे. बापाले ऐकू जाईन."

"कळू दे ना मग! धिस इज क्रेझी, आई. अंगठा बघ, फुगायला लागला."

"चार दिवस राह्यले. हजार होऊ दे त्याईचे, मंग अंगठा काय, मान बी दाखवतो डॉक्टरले." बाई पाय धरून भिंतीला टेकल्या. "ते बूट घालून बसत होते ना सकाळी सकाळी, ते तुले आठवते का? मले आठवते."

पायलला आठवत होतं. तिने फडकं घेतलं आणि जमीन पुसायला लागली. भाऊ पॉलिश पेपर घेऊन आले तेव्हा दोघी पिवळी हेल्मेटं घालून शहाण्यासारख्या बसलेल्या होत्या.

दोन दिवसांनी, म्हणजे नऊशे अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी, दिवाळीची खरेदी. लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीत जायचं म्हणजे भाऊंच्या मते चालू मशीनमध्ये हात घालणं. त्यांनी नायलॉनची दोरी आणली, तिला तीन गाठी मारल्या. एकेकाने एकेक गाठ धरायची, सोडायची नाही. पुढे भाऊ, मध्ये पायल, शेवटी कौशल्याबाई. बाईंच्या मंगळसूत्रावर पदर, पदराला पिन. पैसे तीन ठिकाणी, त्यातले काही भाऊंच्या मोज्यात. गळ्यात शिट्टी. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे खिसा सांभाळा.

साडीच्या दुकानातल्या माणसाने चष्म्यावरून पाहिलं. "तिघंही एकाच दोरीत? सुटे येत नाही का तुम्ही?"

"गर्दी हाये," भाऊ म्हणाले.

"ती आमच्यामुळेच आहे. बसा. दोरी पायात घेऊ नका, मागच्या गिऱ्हाइकाला साडी बघायचीय, नाटक नाही."

पायलला हसू आवरेना. तिच्या हसण्याने दोरी हलायची, दोरी हलली की भाऊ शिट्टी मारायचे. चौकातला हवालदार गरकन वळला. "कुणाची शिट्टी? ओ काका! इथं एकच शिट्टी, माझी. घाला ती आत!" कुणीतरी मागून ओरडलं, "काका, जनावरांचा बाजार रविवारी असतो!" यावर हवालदारसुद्धा हसला.

मागे मात्र दोरी सारखी ताणली जात होती. भाऊ वळून म्हणायचे, "काहून मागं राहून राह्यली?" आणि बाई म्हणायच्या, "चप्पल चावते." तिसऱ्यांदा चप्पल चावली तेव्हा तिघं कसबा पेठेत पोचली होती, पणत्या घ्यायला. कुंभारवाड्याच्या तोंडाशी गोणपाटावर पणत्यांचे ढीग लावून एक माणूस बसला होता. त्याने मान वर केली आणि उठून उभाच राहिला.

"सायेब! काळमेघ सायेब! वळाखलं का? पोपट. वायंडिंगवरचा पोपट जगताप. मुळशीचा."

भाऊंनी त्याला मिठी मारली, दोरीसकट. कारखाना बंद झाल्यावर पोपटने पानटपरी टाकली होती, ती बसली. आता हंगामी धंदे, गणपतीत मखरं, दिवाळीत पणत्या. त्याने वैनींना बसायला उलटी टोपली दिली, आणि भाऊंनी न विचारता परवाची मोठी बातमी सांगून टाकली. "हजार, पोपट! घरी! परवाले!"

पोपट खो खो हसायला लागला. "सायेब, तुमी लई भोळं. घरी बी तेच का?"

"म्हंजे काय?"

पोपटने डावा हात पुढे केला. करंगळीचं टोक नव्हतं. "हे तुमच्या सातशे चाळिसाव्या दिवशी गेलं."

"ते तं तुझ्या गावच्या चरकात गेलं होतं! तूच सांगतलं होतं ना मले!"

"सायेब, मुळशीत भात हाय. ऊस न्हाई. चरक कुटनं आनू?" पोपट डोळे पुसायला लागला, हसून हसून. "हजार दिसाला समद्यांना पाच लिटरचा कुकर भेटणार हुता ना! तीनशे बायका घरी वाट बघत्यात. म्या बोललो असतो तर तीनशे बायकांचा तळतळाट. त्यो कोन घील? भोईराचा खांदा निखळला, त्येनं बैलानं मारलं म्हून सांगितलं. त्याच्याकडं बैल हुता व्हय? पर कुकर झाक हाय सायेब. अजून चालतोय."

भाऊ हसले नाहीत. ते पणत्यांकडे पाहत राहिले. बाराशे चार दिवस रोज सकाळी खडू घेऊन उभे राहायचे ते, आणि तीनशे माणसं त्यांच्यासमोरून खिशात हात घालून आत जायची. मग त्यांची नजर पणत्यांवरून घसरत उलट्या टोपलीवर बसलेल्या बायकोच्या पायावर आली.

"कौशल्ये. चप्पल काढ."

"अवो, लोकं पाहून राह्यले."

"काढ."

अंगठा वांग्यासारखा झाला होता. रंगही तोच.

भाऊंचा चेहरा असा झाला, की पायलला वाटलं, आता हे इथेच बूट घालून बसणार. आणि नेमकं तेव्हाच कौशल्याबाईंना हसू फुटलं. भीतीचं, दुखण्याचं, कशाचं कोण जाणे, पण फुटलं ते थांबेना. "म्या... म्या शिडीवर नाई चढली. चिठ्ठी नोती ना! म्हून दिवाणावर स्टूल ठेवलं!"

"चिठ्ठी नोती म्हून?" भाऊंचा आवाज चिरकला.

"बाबा," पायल म्हणाली, "मी पण सांगून टाकते. सहाशे अकराला मी कर्वे पुतळ्यापाशी स्कूटीवरून पडले होते. गुडघ्याला चार टाके. तुम्हाला मी ट्रेनिंगला आहे म्हणून सांगितलं."

"आन चकल्या तळताना हात भाजला तो," बाई म्हणाल्या. "दोनदा."

"आणि गीझरचा शॉक."

"तो तं मले बी लागला!" बाई पायलकडे वळल्या. "तुले कधी?"

"आरं, समदंच भाईर काडा आज!" पोपट मांडी थोपटत होता. गिऱ्हाइकं पणत्या सोडून यांच्याकडे बघायला लागली.

भाऊंनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. खाली बसले, बायकोचा पाय मांडीवर घेतला आणि हळूच म्हणाले, "पयल्या दिवशी पाटी लावताना हातोडी अंगठ्यावर बसली होती माह्या. महिनाभर नख काळं होतं. म्या एक लिवला तवाच तो खोटा होता." आणि मग तेही हसायला लागले, असे, की जवळच्या पणत्यांचा ढीग ढासळला आणि पोपटच्या सात पणत्या फुटल्या.

वारज्याला यायला तीन रिक्षावाल्यांनी नकार दिला, चौथ्याने पाय पाहून दया केली. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड चिरलं होतं. "परवा लागलं आणि आज येताय? आणि यात हसण्यासारखं काय आहे?" असं त्यांनी विचारलं, आणि बाप-लेकीला बाहेर जाऊन हसायला सांगितलं. आत एकटी पेशंट बसली तरी चालेल, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दाराबाहेर ओलं फडकं घेऊन उभे होते. आकडा पुसून झाला होता. आगाशे दूध घेऊन जिना चढत आले आणि थबकले.

"शून्य?"

"हो जी. बायकोचा अंगठा मोडला. आन बाकीचं सांगत बसलो तं तुमचं दूध नासन."

आगाशे पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिले. मग आजूबाजूला पाहून, भूगोलाच्या मास्तरांना न शोभणाऱ्या आवाजात म्हणाले, "मग आता सांगायला हरकत नाही. मागच्या बुधवारी तुमच्या रंगाचं पाणी जिन्यात सांडलं होतं. मी घसरलो. पाच पायऱ्या. बोललो नाही. म्हटलं, होऊ देत तुमचे हजार."

भाऊंच्या हातातलं फडकं खाली पडलं. "आगाशे सर! कुठी लागलं? दाखवा पाहू!"

"ते," आगाशे दरवाजा उघडत म्हणाले, "दाखवण्यासारखं नाही."