एका कान्याचा फरक

असली कार्टून बघणाऱ्या मोठ्या माणसांना मी आधी सरळ बिनडोक म्हणायची. हातापायांच्या काड्या, एक डोळा कपाळावर तर दुसरा गालावर, आणि तोंडात शिव्या मात्र बाप्यांच्या! माझा धाकटा भाऊ मोबाइल टीव्हीला जोडून तेच बघायचा आणि लोळून हसायचा. "अरे, बालवाडीतली पोरं याहून बरं काढतात," मी चिडायची. तो म्हणायचा, "ताई, मुंडकं पडनं तरी तो परत लाई लेस आनि जेवाले बसस. आखो काय जोयजे?" मुंडकं परत लावून माणूस जेवायला बसतो, आणखी काय हवं, असं त्याचं म्हणणं.

तोरणमाळच्या घाटात त्याची मोटारसायकल घसरली आणि तो गेला, त्याला दोन वर्षं झाली. महिन्याभरात वडलांना, आबांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं अडखळलं. लोणखेड्याच्या कॉलेजात शिकवून मी दुपारी घरी येते, वडलांना भरवते आणि तेच कार्टून लावते. का? खरं सांगू, ते बघताना भावाचं हसणं शेजारून ऐकू येतं. भीती वाटते, तरी लावते. सुबक चित्रांत मेलेला माणूस मेलेलाच राहतो. या वेड्यावाकड्या रेघांत काहीच पक्कं नसतं.

आबाही बघतात. एकदा एक मुंडकं घरंगळत गेलं, तसे ते खदखदून हसले आणि माझा हात धरून म्हणाले, "आंडोर!"

आमच्या अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. एका कान्याचा तर फरक. जीभ जड झालीय, एवढं काय मनावर घ्यायचं! पण शेवटी मी मास्तरीण. रोज दुरुस्त करायची, "आंडेर, आबा. म्हना, आंडेर." त्यांच्या तोंडून मला तेवढा एकच शब्द हवा होता, बाकी काही नको. ते मान डोलवायचे आणि पुन्हा आंडोरच म्हणायचे. मी भांडी आदळायची.

परवा दुपारी कार्टून संपलं. आबांनी दाराकडे पाहिलं, माझ्या कानाशी वाकले आणि एकेक शब्द जुळवत विचारलं, "आंडोर, तुन्ही बहीण कोठे शे? दोन वरीस व्हयनात, दिखनी नही."

 या वेळी मी आंडेर म्हणायला लावलं नाही. मग भावासारखा जाडसर आवाज काढून मी म्हणाले, "येई ऱ्हायनी, आबा. वाटमा शे."