दोन मिनिटांचं मौन आणि रशीदचा सोडा

रशीदला जाऊन आज वर्ष झालं. आणि आज त्यानं पुन्हा भरसभेत माझी इज्जत घालवली.

रशीद म्हणजे धाराशिवच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारा माझा जिगरी दोस्त.

मी चळवळीतला वक्ता. मी बोललो की लोक पेटायचे. सोबत माझं पोटही.

नळदुर्गच्या पाण्याच्या सभेआधी छातीत आग उठली. रशीदनं ग्लासात खायचा सोडा कालवला.

"पी. पोटात ॲसिड हाय, सोडा त्याला भिडतोय. मीठ न् पाणी होतंय."

"बस्स?"

"आन् थोडा गॅस."

"बंधूंनो, ही जनता आता गप्प बसणार नाही!" सभेत मी गरजलो.

पाठोपाठ माइकवर ढेकर. लोकांनी टाळ्या वाजवल्या!

पुढच्या वेळी मी बजावलं, "गॅस न होणारं दे."

त्यानं मॅग्नेशियमचं पांढरं औषध दिलं. "ह्यात कार्बोनेट न्हाय. गॅसच न्हाय."

खरंच नाही झाला. पण भाषण रंगात आलं आणि पोटात गुडगुडलं. मी "चला!" एवढंच ओरडून पळत सुटलो.

लोकांना वाटलं, मोर्चा निघाला. घोषणा देत अख्खी सभा माझ्यामागं!

रशीद हात पसरून आडवा आला. "थांबा भाऊ लोक! ह्यो मोर्चा एकट्याचा हाय!"

"मॅग्नेशियमनं जुलाब होतात, हे आधी का नाही सांगितलंस?" मी नंतर त्याला झापलं.

"तू बोलू कुठं देतो यार?"

आज कॉलेजात त्याची स्मृतिसभा होती. भाभी म्हणाल्या, "भाऊ, वर्षभर जो येतोय तो रडवून जातोय. तुमी तरी नका रडवू."

माझ्या खिशात नेमकं रडवणारंच भाषण. छाती जळायला लागली. भाभींनी ग्लास पुढं केला. चव कळेपर्यंत तो रिकामा झाला होता.

"सोडा?"

"त्यांनीच सांगून ठेवलेलं. भाऊ बोलायच्या आधी द्यायचा."

तेवढ्यात सूत्रसंचालकानं दोन मिनिटांचं मौन पुकारलं.

गप्प बसणारा समाज मरतो, हे मी आयुष्यभर सांगत आलो. आज मात्र ओठ घट्ट मिटून उभा राहिलो.

केमिस्ट्री मौन पाळत नाही.

असा ढेकर आला, की शेजारचे प्राचार्य दचकले.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मग पहिल्या रांगेतून खुदकन आवाज आला.

भाभी. तोंडाला पदर लावून हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांच्यामागं सगळा हॉल.

"अम्मी आज हसली," त्याची लेक म्हणाली.

भाषण खिशातच राहिलं.

रशीद, आज तू मला बोलू दिलं नाहीस. फिट्टंफाट.

सलाम, दोस्ता.